डिझेल फिल्टर पुन्हा पुन्हा चोंदतोय? नवा बसवण्याआधी जुना उघडून बघा

चाळीसगाव मागे टाकलं, कन्नड घाटाची चढण लागली आणि गाडीने दम सोडला, असं मागच्या पावसाळ्यात माझ्या बाबतीत तीनदा झालं. सपाटीला ऐंशीच्या वेगाने मुकाट पळणारी गाडी घाटात तिसऱ्या गिअरला आली की ॲक्सिलरेटर तळाला टेकवूनही पुढे सरकायचं नाव घेईना. दुसऱ्या वेळी आई सोबत होती, तिला डोळ्यांच्या तपासणीला संभाजीनगरला न्यायचं होतं. वळणावर कठड्याला लागून गाडी उभी, खाली दरी, मागून हॉर्न, आणि आई मागच्या सीटवर पदर तोंडाला लावून गप्प बसलेली. पाच मिनिटं इंजिन बंद ठेवलं, परत सेल मारला, की गाडी चालू. दोन वळणं नीट जायची, मग पुन्हा तेच.

इलाज दर वेळी एकच झाला: डिझेल फिल्टर बदलायचा. बदलला की गाडी नव्यासारखी. दोन-अडीच हजार किलोमीटर झाले की परत पिकअप गायब. वास्तविक गाडीप्रमाणे हा फिल्टर वीस ते चाळीस हजार किलोमीटर सहज जातो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात असतो. एका हंगामात तीन फिल्टर लागत असतील तर बिघाड दुसरीकडे आहे, हे मला तिसऱ्या वेळी उमगलं. हे लिहितोय ते त्यासाठीच. घरी फिल्टर कसा बदलायचा ते सांगतोच, ते अवघड नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काढलेला फिल्टर फेकू नका. तुमच्या टाकीत काय चाललंय ते त्याच्या पोटात असतं.

माझी गाडी २०१३ची, डिझेल, कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे ‘रेल’ नावाच्या एकाच नळीत दाबाखाली डिझेल साठतं आणि तिथून ते इंजेक्टरांना, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलांना, मिळतं. तुमची वेगळी असली तरी बहुतेक गोष्टी सारख्याच लागू पडतील.

दोष डिझेलचाच आहे ना?

पिकअप गेला की गॅरेजमध्ये लगेच फिल्टरवर बोट ठेवतात. पिकअप जाण्याची कारणं मात्र चार-पाच आहेत आणि थोडं लक्ष दिलं तर ती घरबसल्या वेगळी करता येतात.

डिझेल कमी पोचत असेल तर गाडी फक्त भाराखाली रडते. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही. चढाला, चार माणसं आणि सामान असताना इंजिनाचे फेरे एका आकड्यावर अडतात, माझे अडीच हजाराच्या वर जात नव्हते, आणि मागून धूरही दिसत नाही. जळायलाच काही नाही तर धूर कुठून येणार? थोडा वेळ बंद ठेवल्यावर परत बरं वाटतं, कारण ओढ थांबली की फिल्टरच्या कागदाला चिकटलेला गाळ थोडा खाली बसतो. सकाळी सेल जास्त मारावा लागतो, हेही त्यातलंच.

याउलट काळा धूर निघत असेल आणि सोबत शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाज असेल तर टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची, रबरी नळी फाटलेली किंवा निसटलेली असू शकते. एअर फिल्टर मातीने भरला तरी काळा धूर येतो. कपाशी वेचणीच्या दिवसांत आमच्याकडच्या कच्च्या रस्त्यांवरून महिनाभर फिरलात तर तो भरतोच, म्हणून आधी तोच काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. इंजिनाचे फेरे वाढतायत पण गाडी वेग घेत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय आणि फिल्टरचा त्याच्याशी काही संबंध नाही. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा, म्हणजे फिल्टरच्या चित्राखाली थेंब, लागला असेल तर प्रश्नच मिटला: फिल्टरच्या तळाशी पाणी साचलंय.

कामाची वेळ आणि दोन धोके

हे काम सकाळी सहा-सातला, थंड इंजिनावर करा. मी हौसेने सांगत नाहीये. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असायला हवा. म्हणजे त्या तापमानापासून पुढे त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. ‘डिझेल पेटत नाही हो, पेट्रोलच पेटतं’ हे वाक्य थंड मुलखात खरं असेल, आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते खरं नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, बिडी-सिगारेटवाल्याला लांब बसवा आणि वाळूची एक बादली हाताशी ठेवा.

दुसरा धोका जास्त मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. कॉमन रेल इंजिनात फिल्टरच्या पुढे एक हाय प्रेशर पंप असतो. तिथून रेलकडे आणि रेलपासून इंजेक्टरकडे लोखंडी नळ्या जातात. त्यांत दीड हजार बारच्या आसपास दाब असतो. टायरात आपण जेमतेम दोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. जुन्या ट्रॅक्टरची हवा काढताना नोझलचा नट सैल करून सेल मारायची सवय आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. ती या गाडीवर कधीही वापरू नका. त्या दाबाची केसासारखी धारसुद्धा कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडायला लागतं. असं काही झालंच तर दुखत नसलं तरी तडक दवाखान्यात जा आणि ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. आपलं काम फक्त फिल्टरच्या दोन रबरी किंवा प्लास्टिकच्या नळ्यांशी. लोखंडी नळ्यांना पाना लावायचाच नाही.

फिल्टर बदलणं

बॉनेट उघडलं की फिल्टर बहुतेक मागच्या भिंतीला किंवा बॅटरीच्या बाजूला दिसतो: मुठीपेक्षा थोडा मोठा डबा, वर नळ्या, खाली ड्रेनचा स्क्रू आणि काही गाड्यांत त्याच स्क्रूला पाण्याच्या सेन्सरची वायर. काही गाड्यांत अख्खा डबा फिरवून निघतो, काहींत वरचं झाकण उघडून आतली फक्त कागदी काडतुसासारखी वळी बदलतात. मोबाईलवर चार फोटो आधी काढून ठेवा. कोणती नळी कुठे होती हे उलगडल्यावर आठवत नाही.

डब्याच्या आजूबाजूची धूळ ब्रशने आणि फडक्याने स्वच्छ पुसा. बहुतेकांचं हेच राहून जातं. नळी उपसली की वरची माती थेट आत पडते आणि आपण नव्या फिल्टरच्या पुढच्या बाजूला घाण घालून ठेवतो. फडकं सुती बनियनचं नको. कपाशीच्या मुलखात चिंध्यांना तोटा नाही हे खरं, पण त्यांचे धागे सुटतात. धागे न सुटणारं कापड घ्या.

खाली एक पारदर्शक काचेची बाटली धरा आणि ड्रेनचा स्क्रू हाताने सैल करून फिल्टरच्या तळातलं डिझेल तीत उतरवून घ्या. पाव लिटरभर येतं. ही बाटली बाजूला, सपाट जागी, न हलवता ठेवा. तिच्याकडे परत यायचंय.

मग सेन्सरची वायर काढा, लॉकची टिचकी दाबून नळ्या सोडवा. पक्कडीने ओढू नका, उन्हाने कडक झालेलं प्लास्टिक तुटतं आणि त्या नळीची किंमत फिल्टरपेक्षा जास्त असते. नळ्यांची तोंडं स्वच्छ पिशवीने झाका. फिरवून निघणारा फिल्टर असेल तर पट्ट्याच्या पान्याने सोडवा आणि तो निघाला की जिथे बसतो त्या जागेवर बोट फिरवून बघा. जुनी रबरी रिंग कधी कधी वरच चिकटून राहते. तिच्यावर नवी बसवली तर दोन रिंगा होतात आणि तिथून फिल्टर हवा ओढत राहतो.

नव्या रिंगेला बोटाने स्वच्छ डिझेलचा हात लावा. रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा, टेकल्यावर आणखी पाऊण फेरा, बस. पाना लावून करकचून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही. झाकणाचा असेल तर झाकण आडवं चढत नाहीये ना ते बघा. नळ्या लावताना डब्यावरचा बाण बघा. तो डिझेलच्या वाहण्याची दिशा दाखवतो, आणि नळी नीट बसली की ‘टक’ असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता हवा काढायची. बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते आणि मग ती ओढत गॅरेजला न्यावी लागते. फिल्टरवर किंवा नळीवर रबरी फुगा किंवा दाबायचं बटण असेल तर हवा काढण्याचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून ते दाबत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की स्क्रू आवळा आणि फुगा घट्ट लागेपर्यंत आणखी दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांत फुगा नसतो. तिथे बॅटरी परत जोडून, सेल न मारता, चावी फक्त ऑनवर पाच-सहा वेळा करा. प्रत्येक वेळी पंपाचा गुणगुण आवाज थांबेपर्यंत थांबा. मग सेल मारा, एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती. चालू झाल्यावर गाडी थोडी अडखळेल, पाच मिनिटं तशीच राहू द्या आणि टॉर्च मारून सगळे जोड बघा.

काही मिस्त्री नवा फिल्टर वरून डिझेल ओतून भरतात, म्हणजे हवा लवकर निघते. फिरवून बसणाऱ्या फिल्टरमध्ये मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल कागदातून न गाळता थेट पंपाकडे जातं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी जेमतेम काही मायक्रॉनच्या. तिथे न गाळलेलं डिझेल कशाला घालायचं? दहा मिनिटं जास्त फुगा दाबा.

बाटली काय म्हणते

आता बाजूला ठेवलेल्या बाटलीकडे या. अर्धा तास झालेला असावा.

माझ्या तिसऱ्या फिल्टरच्या बाटलीत वर पिवळसर डिझेल होतं आणि तळाला एक बोट उंचीचा वेगळा थर. उन्हाकडे धरल्यावर दोन्हींमधली रेघ चाकूने कापल्यासारखी दिसत होती. त्या रेघेवर तपकिरी, शेंबडासारखी साय तरंगत होती. बाटली तिरपी केली की खालचा थर संथपणे सरकायचा आणि साय त्याच्या पाठीवर डुलायची. मी ते डिझेलमधली काही भेसळ समजून बसलो होतो. आमचे सालदार नाना ट्रॅक्टर काढायला आले, त्यांनी बाटली हातात घेतली, एकदा हलवली आणि म्हणाले, “हाई ते पानी शे, भाऊ.”

पाणीच होतं. एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम भरतं, पाणी हजार ग्रॅम, म्हणून पाणी कायम तळाला जातं, टाकीच्याही आणि फिल्टरच्याही. आणि जिथे डिझेल आणि पाणी एकमेकांना टेकतात त्या रेषेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात. ती साय म्हणजे तेच. कागदाच्या घड्यांवर ती लेपासारखी बसली की कागद नवा असूनही डिझेल पार होत नाही. म्हणूनच नवा कोरा फिल्टर दोन हजार किलोमीटरमध्ये मरत होता.

मग मी जुना डबा हॅकसॉने कापला. करवतीने कापताना पत्र्याचा कीस आत पडतो, तो घाण समजू नका. कागदाची घडी उलगडून वर्तमानपत्रावर पसरा आणि दिवसा उजेडी बघा. सरसकट काळपट-तपकिरी रंग असेल तर ते नेहमीचं आहे, फिल्टर वयाने म्हातारा झाला एवढंच. बोटाला चिकट, बुळबुळीत लागत असेल तर टाकीत पाणी आहे. लालसर-नारिंगी कण असतील तर गंज, टाकीचा किंवा डिझेल जिथे साठवता तिथला. चिमटीत चोळल्यावर करकर लागत असेल तर माती. ती झाकणातून, नरसाळ्यातून किंवा कॅनमधून येते. आणि कागद स्वच्छ, बाटलीही स्वच्छ, तरी गाडीला दम नाही, असं असेल तर फिल्टर निर्दोष होता. तुम्हाला टाकीतली जाळी, दुमडलेली नळी किंवा हवा ओढणारा जोड शोधायचाय. हवा ओढणारा जोड बाहेर टिपकत नाही, म्हणून सापडत नाही. फिल्टरच्या आधीच्या नळीत डिझेलला चालेल अशी पारदर्शक नळीची वीतभर तात्पुरती जोडणी करून इंजिन चालू ठेवा. सलग बुडबुडे दिसले तर टाकीकडून फिल्टरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी हवा शिरतेय. तपासून झाल्यावर मूळ नळी परत बसवायची.

पाणी आलं कुठून

पहिला संशय पेट्रोल पंपावर जातो, माझाही गेला. तो तपासायला हरकत नाही: पंपावर त्या दिवसाची घनता लिहिलेली असते, ती आपल्यासमोर मोजून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. टाकीच्या तळाला पाणी आहे का ते पंपवाले मोजपट्टीला एक लेप लावून बघतात, पाणी लागलं की त्याचा रंग बदलतो. टँकर रिकामा होत असताना डिझेल भरायचं टाळा, तळातलं तेव्हा ढवळलं जातं. पण त्याच पंपावर भरणाऱ्या गावातल्या दुसऱ्या दोन गाड्यांना काहीच त्रास नव्हता. तेव्हा मला माझ्याच मळ्याकडे वळावं लागलं.

मळ्यात आमचा दोनशे लिटरचा डिझेलचा ड्रम आहे, ट्रॅक्टरसाठी. पंप गावापासून अठरा किलोमीटर. पेरणीच्या आणि कोळपणीच्या दिवसांत रात्री-अपरात्री लागलं तर गाडीतही त्यातलंच दहा लिटर टाकायची सवय झाली होती. ड्रमवर संशय आला नाही त्याचं कारण साधं: ट्रॅक्टर त्याच डिझेलवर चालतो आणि ट्रॅक्टरला कधी काही होत नाही. नानांना विचारलं तर ते म्हणाले, दर सोमवारी ट्रॅक्टरच्या फिल्टरखालची काचेची वाटी खोलून पाणी फेकून देतो, पावसाळ्यात निघतंच. ट्रॅक्टर निर्धास्त होता तो नानांच्या हातामुळे. गाडीच्या फिल्टरचा ड्रेन मी दोन वर्षांत एकदाही उघडला नव्हता.

आम्ही एक मीटरची पारदर्शक कडक नळी आणली, ड्रमच्या बुचातून तळाला टेकवली, वरचं तोंड अंगठ्याने बंद करून वर काढली. नळीत ड्रमचा उभा काप मिळतो. वर डिझेल, तळाला दोन बोटं पाणी. हिशोब केला तर ड्रममध्ये आठ-नऊ लिटर पाणी होतं. हातपंपाचा पाइप तळापासून जेमतेम तीन बोटं वर होता. ड्रम नुकताच भरला किंवा हलला की ते पाणी ढवळून कॅनमध्ये येत होतं.

बूच तर बंद होतं. मग पाणी आत गेलं कसं? ही गोष्ट कळली तेव्हा मला झोप लागली नाही, कारण आमच्या भागात किती मळ्यांत असे ड्रम उघड्यावर उभे आहेत.

उभ्या ड्रमच्या माथ्याला चारी बाजूंनी कड असते, त्यामुळे माथ्यावर पाऊस साचतो. एक सेंटिमीटर साचला तरी अडीच लिटर पाणी होतं. दुपारी उघाड पडली, ऊन तापलं की आतली हवा फुगते आणि बुचाच्या आट्यांतून थोडी थोडी बाहेर पडते. संध्याकाळी सर आली, ड्रम झटकन थंड झाला, की आतली हवा आकसते. ड्रम अर्धा रिकामा असेल तर आत शंभर लिटर हवा आहे आणि ती वीस अंशांनी थंड झाली तर सहा लिटरने आकसते. तेवढी जागा भरायला ड्रम बाहेरून श्वास ओढतो, आणि बुचावर तेव्हा हवा नसते, पाणी असतं. आमच्या बुचाचा रबरी वायसर वाळून तडकलेला होता. ड्रम रोज एक एक घोट पाणी पीत होता. पाऊस नसला तरी ओढलेली दमट हवा थंड पत्र्यावर घाम धरते आणि तो तळाला उतरतो. ड्रम जितका रिकामा, तितकं हे जास्त.

आता आमचा ड्रम शेडच्या आत आहे. एका बाजूला विटेचा तुकडा लावून तो किंचित कलता ठेवलाय, दोन्ही बुचांना जोडणारी रेघ सपाट राहील अशा बेताने, म्हणजे माथ्यावर पाणी पडलंच तर बुचांपासून लांबच्या कडेला जमेल. वायसर नवे घातले. हातपंपाचा पाइप कापून तळापासून दहा सेंटिमीटर वर आणला. नवा भरलेला ड्रम आणला तर तो एक रात्र स्थिर ठेवल्याशिवाय त्यातलं डिझेल काढायचं नाही. लगेच वापरायचा नसेल तर ड्रम आडवा, दोन्ही बुचं घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवून लोळवून ठेवायचा, म्हणजे बुचं आतून डिझेलखाली राहतात आणि हवा-पाणी ओढलं जात नाही. गाडीत मात्र ड्रममधलं टाकणं मी पूर्ण बंद केलंय. ट्रॅक्टरचा साधा पंप जे सोसतो ते कॉमन रेल सोसत नाही, आणि एका इंजेक्टरच्या पैशांत पंपावर शंभर फेऱ्या होतील.

टाकी धुतल्याशिवाय सुटका नाही

ड्रम सुधारला तरी गाडीच्या टाकीत आधीचं पाणी आणि साय होतीच. चौथा फिल्टर बसवण्याआधी टाकी उतरवून, सगळं डिझेल काढून, आतून स्वच्छ करून घेतली. हे मी घरी केलं नाही, मिस्त्रीकडून उभं राहून करून घेतलं. टाकी खाली काढायला रॅम्प लागतो आणि घरच्या जॅकवर गाडीखाली झोपायचं धाडस कुणी करू नये. टाकीतल्या जाळीवर बोटभर लेप होता, ती बदलली.

या काळात खूप सल्ले मिळाले: रॉकेल टाक, थोडं पेट्रोल टाक, इंजिन ऑइल टाक. यातलं काहीही टाकू नका. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. रॉकेल आणि पेट्रोल ते वंगण पातळ करतात आणि पंप आतून खरवडतो. पेट्रोलने तर आग लागण्याचा धोकाही वाढतो.

धुळे-साक्रीकडच्यांसाठी एक वेगळी गोष्ट. जानेवारीत धुळ्यात पारा सहा-सात अंशांवर येतो. डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर अडवतं, म्हणून डिझेल किती थंडीपर्यंत फिल्टरमधून पार व्हायला हवं याची मर्यादा आपल्या मानकात ऋतूप्रमाणे वेगळी ठेवलीय: हिवाळ्यात ६ अंश, उन्हाळ्यात १८ अंश. म्हणजे मे महिन्यात भरून ठेवलेला ड्रम जानेवारीतल्या पहाटे वापरला तर ते डिझेल धुरकट होऊन फिल्टर बंद पाडू शकतं, आणि ऊन चढलं की गाडी आपोआप बरी होते. फक्त थंडीत, फक्त पहाटे गाडी रडत असेल तर आधी हे तपासा. उन्हाळ्यातलं जुनं डिझेल थंडीआधी संपवायचं.

पेट्रोल गाडीवाल्यांनी वरचं फिल्टर बदलण्याचं वर्णन वाचून पाना हातात घेऊ नये. आताच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत, पंपासोबत असतो. इंजिन बंद असतानाही नळीत तीन-चार बार दाब राहतो आणि उडालेलं पेट्रोल कुठल्याही हवामानात पेटतं. ते मिस्त्रीलाच करू द्या.

काढलेलं घाण डिझेल बांधावर किंवा नालीत ओतू नका. आमच्याकडची प्रत्येक नाली गिरणेत आणि गिरणा तापीत जाते. कॅनमध्ये बंद करून जुनं ऑइल नेणाऱ्याला द्या, आम्ही तसंच केलं.

चौथा फिल्टर बसवून आता अकरा हजार किलोमीटर झाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी ड्रेनचा स्क्रू दोन फेरे सैल करून काचेच्या बाटलीत अर्धा कप घेतो, उन्हाकडे धरतो, स्क्रू आवळतो, फुगा दाबून हवा काढतो. पहिल्या महिन्यात तळाला चार थेंब दिसले, दुसऱ्या महिन्यात एक. नंतर काही नाही. मागच्या आठवड्यात आईला परत तपासणीला नेलं, गाडीत पाच माणसं होती, घाट तिसऱ्या गिअरला चढलो.